तुटतं, पण संपत नाही

मंडळी, लाकूड पाण्यात कुजतं, म्हणजे सूक्ष्मजीव ते खाऊन संपवतात. प्लास्टिक उन्हानं ठिसूळ होतं, लाटांनी तुटतं. पण तुटणं म्हणजे नष्ट होणं नव्हे. मी आयुष्यभर कणादांचा परमाणू शिकवला, त्यामुळे हा फरक मला जरा जास्तच टोचतो! ५ मिलिमीटरहून लहान तुकड्याला आपण सूक्ष्म प्लास्टिक म्हणतो.

२००४ साली रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या उत्तरेकडच्या समुद्रातले, १९६०च्या दशकापासून जपून ठेवलेले प्लवकांचे नमुने तपासले. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे अगदी बारीक जीव. त्यांच्यात प्लास्टिकचे तंतू निघाले, आणि पुढच्या दशकांतल्या नमुन्यांत जास्त निघाले.

पिशवी कासव गिळतं, ते निदान दिसतं तरी. पण तुकडा जितका लहान, तितकी त्याला गिळणारी तोंडं जास्त. थॉम्पसन यांच्याच प्रयोगात वाळूतल्या गांडुळासारख्या किड्यांनी आणि खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नेकलांनी हे कण खाल्ले. यानं पोट भरतं, पोषण काही मिळत नाही. आणि असलेच बारके जीव माशांचं अन्न! आता समुद्र गाळून काढू म्हणाल, तर त्याच मापाचे प्लवकही जाळीत येतात.