पाहुणा गावात, पैसा कुणाच्या हातात?

आजच्या गप्पांचा विषय आहे पर्यटन. तुम्ही म्हणाल, हा विषय हॉटेलवाल्यांचा आणि गाडीवाल्यांचा, आपल्या बचत गटाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे आणि तो जवळचा आहे. कारण शहरातला माणूस दोन दिवस गावाकडे येतो, तेव्हा तो बाजरीची भाकरी, पिठलं, खर्डा, घावणे, सोलकढी मागतो. झाडाखालची बाज मागतो, शेतातली फेरी मागतो. हे सगळं आपल्या हातचं आहे. प्रश्न एवढाच आहे, की त्याचे पैसे कुणाच्या हातात पडतात.

आधी दोन-तीन चांगल्या बातम्या ऐका.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक झाली. त्यात मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यातले ११ किल्ले महाराष्ट्रातले आहेत : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. बारावा जिंजी, तो तामिळनाडूत आहे. आपल्याकडे अजिंठा आणि वेरूळला हा मान १९८३ सालीच मिळाला होता. पुढे घारापुरीच्या लेण्या, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि २०१२ साली पश्चिम घाट, म्हणजे आपलं कास पठार, कोयना, चांदोली, राधानगरी हेही यादीत आले. पण किल्ल्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण जवळजवळ प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याला किंवा समोरच्या किनाऱ्याला गाव आहे, वाडी आहे.

दुसरी बातमी दापोली तालुक्यातल्या कर्दे गावाची. २०२४ साली केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने देशभरातली उत्कृष्ट पर्यटन गावं निवडली. त्यात कृषी पर्यटनाच्या गटात कर्दे गावाचा नंबर लागला.

तिसरी बातमी सरकारी धोरणांची. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि २०२३ साली खास बायकांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं. ‘आई’बद्दल पुढे नीट सांगते, कारण त्यात तुमच्या कामाचं बरंच आहे.

आता या बातम्यांमुळे गावात काय बदलतं ते बघू. किल्ला यादीत आला की माणसं वाढतात. माणसं वाढली की पाणी लागतं, जेवण लागतं, संडास लागतो, गाडी उभी करायला जागा लागते. त्याबरोबर नियमही आले. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्याच्या पुढच्या २०० मीटरमध्ये करायचं तर परवानगी लागते. म्हणून टपरीसाठी पत्रे आणि सिमेंट घेण्याआधी आपली जागा कुठे पडते ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या. राजगड, साल्हेर, प्रतापगड आणि खांदेरी हे किल्ले राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे त्या खात्याला विचारायचं. पायथ्याच्या राहत्या घरात जेवण देणं आणि पाहुणा उतरवणं हा त्यातला सोपा मार्ग आहे, कारण घर आधीच उभं असतं.

हे कुठे जमलंय का? जमलंय. तीन गावांची उदाहरणं सांगते.

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या एका निसर्गप्रेमी संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून घरटी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्लं समुद्रात सोडतानाचा कासव महोत्सव सुरू झाला. तो बघायला आलेली माणसं गावातल्या घरांतच उतरतात आणि तिथेच जेवतात. म्हणजे ज्या अंड्यांचे चोराला चार पैसे मिळायचे, ती राखल्यावर साऱ्या गावाला उत्पन्न मिळू लागलं.

दुसरं वेंगुर्ला. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. होडी त्याच वल्हवतात. कोणतं झाड कोणतं, त्याची मुळं पाण्याच्या वर का येतात, तिवरांमुळे खाडीतली मासळी कशी टिकते, हेही त्याच समजावतात. २०१७ साली त्यांनी सुरुवात केली. कांदळवन कक्षाची मदत होती, प्रशिक्षण घेतलं होतं. खाडी त्यांना लहानपणापासून माहीत होतीच. माहिती होती ती सांगायची कशी, तेवढं त्या शिकल्या.

तिसरं महाबळेश्वरजवळचं भिलार. स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. पुस्तकं गावातल्या घरांमध्ये, शाळेत, देवळात ठेवलेली आहेत. वाचायला आलेला माणूस घराच्या ओसरीवर बसतो, मग चहा होतो, जेवण होतं, कुणी मुक्कामही करतं.

तिन्ही गावांत एक गोष्ट सारखी दिसते. गावाने आपल्याकडे आधीपासून काय आहे ते ओळखलं, ते जपलं आणि पाहुणा थेट घरापर्यंत आणला. पाहुणा गावाबाहेरच्या रिसॉर्टवर उतरला असता, तर गावाच्या वाट्याला धुळीशिवाय फारसं काही आलं नसतं. आपल्या वाट्याला फार तर भांडी घासायची रोजंदारी आली असती.

आता हिशोबाचं बोलू. पेन असेल तर लिहून घ्या. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

समजा, चार माणसं एक मुक्काम करून गेली. राहणं-जेवण मिळून माणशी १,००० रुपये, म्हणजे ४,००० रुपये आले. किराणा, भाजी, दूध यांचे गेले १,१००. गॅस आणि सरपणाचे १५०. चादरी धुणं, साबण, वीज यांचे २५०. मदतीला एक बाई घेतली, तिला ४००. एकूण खर्च १,९००. उरले २,१००. आता हे गिऱ्हाईक मोबाइलवरच्या एखाद्या बुकिंग कंपनीकडून आलं आणि कंपनीने शेकडा १५ कमिशन घेतलं, तर ६०० रुपये गेले. उरले १,५००.

हे १,५०० म्हणजे सगळा नफा का? नाही. तुम्ही दोन दिवस राबलात. पहाटे उठून पाणी तापवलं, भाकऱ्या थापल्या. तुमची मजुरी दिवसाला ४०० धरली तर ८०० झाले. खरा नफा राहिला ७०० रुपये. त्यातून गाद्या, रंगरंगोटी आणि कर्जाचा हप्ता निघायला हवा. आपण बायका नेमकी आपलीच मजुरी धरायला विसरतो. मग दर कमी लावला जातो आणि वर्षभर राबून हाती काही उरत नाही. म्हणून दर ठरवताना आपली मजुरी खर्चात धरा. आणि गावातल्या सगळ्या घरांनी बसून एकच दर ठरवा. एकीने १,००० सांगायचे आणि शेजारणीने ७०० ला पाहुणा ओढायचा, यात दोघींचं नुकसान होतं.

आता कागदपत्रांकडे वळू. पर्यटनाचं काम पर्यटन संचालनालयाकडे आहे. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या विभागांसाठी त्यांची प्रादेशिक कार्यालयं आहेत. शेतावर पाहुणे आणायचे असतील तर कृषी पर्यटन केंद्र म्हणून तिथे नोंदणी होते. शेतकरी एकट्याने करू शकतो, शेतकऱ्यांची सहकारी संस्था किंवा कंपनीही करू शकते. राहत्या घरात पाहुणे ठेवायचे असतील तर निवास-न्याहारी योजनेत नोंदणी होते. नोंदणीचा कागद हातात असला की बँकेत बोलणं सोपं जातं आणि पाहुण्यालाही भरवसा वाटतो.

‘आई’ धोरणात काय मिळतं? पर्यटनाच्या व्यवसायासाठी बाईने बँकेकडून १५ लाखांपर्यंत कर्ज घेतलं, तर त्याचं व्याज सरकार परत देतं. त्याला मर्यादा आहेत. व्याजदर १२ टक्क्यांपर्यंतच धरला जातो. आणि हा परतावा ७ वर्षं किंवा साडेचार लाख रुपये, यातलं जे आधी होईल तिथपर्यंत मिळतो. व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा, तिनेच चालवलेला हवा आणि कामावर निम्म्या बायका हव्यात.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, सरकार कर्ज देत नाही. कर्ज बँक देते. मुद्दल आपल्यालाच फेडायचं असतं. दुसरी, व्याज आधी आपण भरायचं, हप्ते वेळेवर गेले तरच ते परत येतं. समजा, ३ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढलं. महिन्याला साधारण साडेसहा हजारांचा हप्ता बसेल. पहिल्या वर्षी त्यात सुमारे ३० हजार रुपये व्याजाचे असतील. ते परत मिळाले तर मोठा आधार आहे. पण पावसाळ्यात पाहुणे नसताना साडेसहा हजार कुठून भरायचे, याचं उत्तर कर्ज उचलण्याआधी तयार हवं. आणि कर्ज घेण्यापूर्वीच पर्यटन कार्यालयात जाऊन आपण पात्र आहोत का, ते लेखी घ्या. आधी कर्ज आणि मग चौकशी, असं करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ‘बाईच्या मालकीचा’ हे शब्द पुन्हा ऐका. स्वयंपाक बाई करते, अंथरूण बाई घालते, पण घर नवऱ्याच्या नावावर, सातबारा सासऱ्याच्या नावावर, नोंदणी दिराच्या नावावर आणि पैसे येतात मुलाच्या मोबाइलवर. असं असेल तर कागदावर ती बाई कुठेच नाही. उद्या त्या घराचं नाव झालं, पेपरात फोटो आला, तरी योजनेच्या दारात तिला उभं राहता येत नाही.

यासाठी जुन्या वाटा आहेत. ‘लक्ष्मी मुक्ती’ योजनेत नवरा आपल्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. अर्ज तलाठ्याकडे जातो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावता येतं, त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करायचा. हे होईपर्यंत घरमालकाकडून लेखी संमतीपत्र घेऊन व्यवसाय आपल्या नावाने नोंदवता येईल का, ते पर्यटन कार्यालयात विचारा. आणि पैसे घेण्याचा क्यूआर कोड मात्र आजपासून स्वतःच्या किंवा गटाच्या खात्याचाच लावा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

थोडं सावधगिरीचंही सांगते. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकायचा नसतो, पिन फक्त पैसे देताना लागतो. ‘बुकिंगचे पैसे पाठवतो, पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. प्रत्येक पाहुण्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राची नक्कल वहीत ठेवा. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती शासनाला ऑनलाइन कळवावी लागते. जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करा, छोट्या व्यवसायाला वर्षाला १०० रुपये लागतात. दारू पिऊन येणाऱ्याला जागा नाही, हा नियम आधीच सांगून टाका. अडचण आली तर ११२ हा नंबर आहे, बायकांसाठी १८१ आहे. शक्यतो दोघी-तिघींनी मिळून काम करा, म्हणजे घरात एकटीवर वेळ येत नाही.

आणि पाणी. उन्हाळ्यात ज्या गावाला टँकर येतो, तिथे पाहुण्यांची संख्या पाण्यावर ठरवा. पाहुण्याला आंघोळीला दोन बादल्या आणि शेजारणीला हंडाभरही नाही, असं झालं तर गावातच भांडण लागतं. कचऱ्याचंही तसंच. आणलेलं प्लास्टिक परत घेऊन जायचं, हे पाहुण्याला हसून पण स्पष्ट सांगायचं. कासवर फुलं बघायला गर्दी वाढली, तेव्हा रोजच्या माणसांवर मर्यादा आणावी लागली. फुलं तुडवली गेली तर पुढच्या वर्षी बघायला कोण येणार? आपल्या गावाचंही तसंच आहे.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत चार कामं करा. एक, बाहेरचा माणूस बघायला येईल असं आपल्या गावात काय आहे, त्याची यादी करा. देवराई, जुनी बारव, आमराई, यात्रा, भात लावणी, हुरडा, काहीही चालेल. दोन, कुणाच्या घरात एक स्वच्छ खोली आणि चांगला संडास आहे ते बघा. तीन, प्रत्येकीने आपला नमुना ८ आणि सातबारा काढून त्यावर कुणाची नावं आहेत ते वाचा. चार, ग्रामसंघातर्फे दोघींना पर्यटन कार्यालयात पाठवा आणि मिळालेली माहिती सगळ्यांना सांगायला लावा. लगेच कर्ज काढू नका. आधी एका सुट्टीत चार पाहुणे घेऊन बघा, हिशोब मांडा आणि मग ठरवा.

तुमच्या गटाने यादी केली की आम्हाला जरूर कळवा.