भुलाबाईचा खाऊ : बालहातांचा नैवेद्य

भाद्रपदातील पौर्णिमा आली, की खानदेशात भुलाबाई माहेरी येते. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे साक्षात शंकर. मातीच्या या मूर्ती पाटावर विराजमान होतात आणि कोजागरीपर्यंत महिनाभर मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात. केळीच्या बागांनी वेढलेल्या फैजपूर परिसरात या सायंकाळांची गोडी काही औरच! गाणी संपली, की खाऊ ओळखण्याचा सोहळा सुरू होतो. यजमानीण झाकलेला डबा हलविते आणि मुली कान देऊन अंदाज बांधतात : गोड की तिखट? लाडू की खडीसाखर?

अलीकडे मात्र डब्यात दुकानचा पुडा येऊ लागला आहे. एका घरी डबा हलताच कागद वाजला आणि पहिल्याच मुलीने खाऊ ओळखला. सारा खेळ क्षणात संपला. त्या मुलींचे हिरमुसलेले चेहरे आम्हांस विसरवले नाहीत.

आयांना सवड नाही, हे खरे. परंतु चुलीवाचून होणारा खाऊ मुलांच्याच हाती सोपविला तर?

भाजलेले शेंगदाणे २ वाट्या, मऊ गूळ १ वाटी आणि ४ वेलदोडे एवढेच साहित्य पुरे. चिक्कीचा गूळ घेऊ नये. गूळ मोठ्यांनी चिरून द्यावा. लहानग्यांनी दाणे चोळून टरफले काढावीत, थोरल्या ताईने ती सुपात पाखडावीत. मग खलबत्त्यात दाणे, गूळ व वेलदोड्यांची पूड थोडी थोडी घालून कुटावी. कुटताना दाण्यांचे तेल सुटते, गुळाचा ओलावा त्यात मिळतो आणि पाकावाचूनच लाडू वळले जातात. मिश्रण कोरडे वाटल्यास चमचाभर तूप घालावे. लिंबाएवढे सुमारे १५ लाडू होतात. पाच वर्षांखालील बालकांच्या तोंडात अख्खा दाणा किंवा खडीसाखरेचा खडा जाऊ देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकण्याचे भय असते.

या कामातील खरा धडा निराळाच आहे. बोटे गुळाने माखलेली, घमघमाट सुटलेला आणि तरीही चाखायचे नाही; कारण पहिला मान भुलाबाईचा! चार वर्षांचे पोर जेव्हा तोंडाकडे नेलेले बोट स्वतःहून मागे घेते, तेव्हा ‘नैवेद्य’ या शब्दाचा अर्थ त्यास उपदेशावाचून उमगतो.

१९३६ साली काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन याच फैजपुरात भरले, तेव्हा खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही मांडले गेले होते. हातच्या वस्तूचे मोल या भूमीस नव्याने का सांगावे?

तेव्हा यंदा डबा मुलांनाच भरू द्या. लाडू वाकडेतिकडे होतील, होऊ देत. लेकरांच्या हातचा तो घास भुलाबाई कौतुकाने स्वीकारील!