जनरेटर दोन मिनिटांत बंद पडतोय? आधी पेट्रोलची वाट तपासा

गणपती आठवड्यावर आले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मंडळांत एक दृश्य हमखास दिसतं. वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये पडलेला छोटा पेट्रोल जनरेटर बाहेर काढला जातो. दोरी ओढली की मशीन भुरभुरतं आणि दोन मिनिटांत गप्प. मग पोरं आळीपाळीने दोरी ओढत बसतात. खांदे दुखतात, जनरेटर काही ऐकत नाही.

अशा वेळी बहुतेकदा इंजिन बिघडलेलं नसतं, त्याच्यापर्यंत पेट्रोल नीट पोचत नसतं. मात्र आधी ऑईल बघा. बऱ्याच मशीनमध्ये ऑईल कमी झालं की सेन्सर ठिणगीच तोडतो, आणि आपण उगाच कार्बोरेटर खोलत बसतो.

या छोट्या मशीनमध्ये सहसा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. टाकी, कॉक, जाळी, रबरी नळी, कार्बोरेटरची वाटी आणि शेवटी जेट, एवढीच वाट. अडथळा कुठे आहे हे शोधायला एक सोपी युक्ती आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, जवळ विडी, समई, उदबत्ती काही नको. कार्बोरेटरच्या वाटीखाली ड्रेन स्क्रू असतो. त्याखाली काचेची बाटली धरा, कॉक उघडा आणि स्क्रू थोडा सैल करा.

पेट्रोलची धार सुरुवातीला चांगली आली आणि मग बारीक होत थांबली, तर टाकीचं झाकण सैल करून बघा. धार परत सुरू झाली म्हणजे दोष झाकणाचा. झाकणात हवा आत जायला बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. मशीन थोडा वेळ चालून बंद पडतं आणि काही वेळाने पुन्हा चालू होतं, ते यामुळेच. पाच मिनिटांचं काम, पण यासाठी मिस्त्रीकडे फेऱ्या मारणारे कितीतरी बघितलेत.

झाकण सैल करूनही धार आली नाही, तर कॉकमधली जाळी तुंबली असेल किंवा नळी आतून फुगली असेल. नळी जुनी आणि कडक झाली असेल तर सरळ बदला. ती महाग नसते.

धार जोरात येतेय, तरी मशीन फक्त चोक ओढलेला असतानाच चालतंय, किंवा आवाज सारखा वर-खाली होतोय? मग जेट बुजलंय. जेटचं छिद्र केसाएवढं बारीक असतं. वाटी उतरवा, जेट काढा, कार्बोरेटर क्लीनर मारा आणि हवेच्या दाबाने साफ करा. सुई किंवा जाड तार आत घालू नका. छिद्र जरा जरी मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. उलट पेट्रोल बाहेर ओघळत असेल तर फ्लोटची सुई अडकलेली असते. ती नीट होईपर्यंत मशीन चालू करू नका.

जेट बुजतं कशाने? शिळ्या पेट्रोलने. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. खानापूरच्या पावसात महिनोन्महिने पडून राहिलेल्या टाकीत काय होत असेल, विचार करा. पाणी वाढलं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि कॉक तळातूनच घेतो. म्हणूनच मघाची बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवून बघा. खाली वेगळा थर दिसला तर सगळं पेट्रोल काढून टाका. त्यात नवीन ओतून काही साधत नाही.

परदेशातल्या मोटरहोममध्ये तर वेगळीच गंमत असते. तिथं गाडीच्या इंजिनाची आणि जनरेटरची टाकी बऱ्याचदा एकच असते, पण जनरेटरची नळी मुद्दाम आखूड ठेवतात. टाकी पाव भागाच्या आसपास आली की जनरेटर बंद, म्हणजे गाडी घरी न्यायला पेट्रोल उरतं. नवखे लोक तो बिघाड समजतात.

दुरुस्त झालेला जनरेटर पाऊस आहे म्हणून मंडपात किंवा पडवीत ओढू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, डोकं जड होतं आणि झोप लागते, तीच शेवटची ठरू शकते. मशीन उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून लांब ठेवा, वर चारी बाजूंनी मोकळं छप्पर द्या. पेट्रोल भरताना मशीन बंद आणि थंड हवं, आरतीची घाई असली तरी.

विसर्जन झालं की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीत उरलेलं पेट्रोलही ड्रेन स्क्रूने काढा. कॅनवर खडूने नको, पक्क्या पेनाने तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनं पेट्रोल पुढच्या वर्षी जनरेटरमध्ये जाता कामा नये.