मोटारीतली हवेची पिशवी : कुणाला तारक, कुणाला मारक?

सुगी आटोपते, उसाचे किंवा कापसाचे पैसे हाती येतात आणि गावात कुणाच्या तरी दारात नवी मोटार उभी राहते. घरची सवाष्ण गाडीला हळदकुंकू लावते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ फुटतो. घरचा मुलगा जमलेल्यांना कौतुकाने सांगतो, "एअरबॅगा आहेत बरं का हिच्यात!" ऐकणाऱ्यांना वाटते, चला, आता काळजी मिटली.

मग त्याच गाडीतून बाळंतीण सून माहेराहून सासरी यायला निघते. मागे आत्या, मामी, दोन मुले आणि पिशव्या अशी दाटी झालेली असते. आजी मायेने म्हणते, "सूनबाई, तू बाळाला घेऊन पुढं बस. मागं त्याला घुसमटल्यासारखं होईल."

वाचकहो, आपल्याकडे चालकाशेजारची जागा मानाची. ती पाहुण्याला द्यावी, वडीलधाऱ्याला द्यावी, नाहीतर लेकुरवाळीला द्यावी. यात आजीची काही चूक नाही. पण ज्या गाडीत एअरबॅग आहे, त्या गाडीत तान्ह्या मुलासाठी सगळ्यांत वाईट जागा कोणती असेल, तर ती हीच. असे का, ते आज आपण समजून घेऊ.

एका बापाला सुचलेली युक्ती

गोष्ट अमेरिकेतली आहे. १९५२ साली जॉन हेट्रिक नावाचा गृहस्थ बायको आणि लहान मुलीला घेऊन गाडीतून चालला होता. मुलगी दोघांच्या मध्ये, पुढेच बसली होती. अचानक वाटेत अडथळा आला आणि गाडी वळवताना ती रस्त्याकडेच्या चरात गेली. त्या क्षणी नवराबायको दोघांचेही हात आपोआप मुलीपुढे आडवे झाले, तिचे डोके समोर आपटू नये म्हणून. सुदैवाने कुणाला फारसे लागले नाही. पण घरी आल्यावर हेट्रिकच्या मनात विचार सुरू झाला. असा हात आडवा घालण्याचे काम गाडीलाच का करता येऊ नये? १९५३ साली त्याने अशा पिशवीचे पेटंट मिळवले.

कल्पना प्रत्यक्षात यायला पुढे बरीच वर्षे लागली. धडक बसली हे ओळखून क्षणात पिशवी फुगवायची, हे सोपे काम नव्हते. १९८० च्या सुमारास मर्सिडीज कंपनीने आपल्या मोठ्या गाडीत ती आणली. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात कायद्यानेच ती सर्व नव्या मोटारींत आली. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२१ साल संपता संपता शेजारच्या आसनासमोरही.

पिशवी फुगते कशी?

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार झाडावर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा मार किती असतो? सुमारे ३२ फुटांवरून, म्हणजे पाच परूस खोल कोरड्या विहिरीत पडावे इतका. मोटार थांबते, पण माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो आणि समोर जे येईल त्यावर आदळतो.

गाडीत एक लहानशी यंत्रणा असते, ती वेग किती झटकन कमी झाला हे सतत मोजत असते. आपण जोरात ब्रेक दाबला तर ती गप्प राहते. पण मोठी धडक बसली की ती विजेची ठिणगी सोडते. स्टिअरिंगच्या मधोमध एका बंद डबीत रसायनाच्या वड्या असतात. त्या पेट घेतात, त्यातून वायू सुटतो आणि घडी घालून ठेवलेली नायलॉनची पिशवी वरचे झाकण फाडून बाहेर येते. हा वायू बहुतांशी नायट्रोजन असतो. आपण श्वासात घेतो त्या हवेतही चार भाग तोच असतो, तेव्हा त्याला भिण्याचे कारण नाही.

धडक बसल्यापासून पिशवी फुगेपर्यंत हे सारे सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात उरकते. डोळ्याचे पाते लवायलाही याच्या दुप्पट वेळ लागतो. दुधाच्या ४० लिटरच्या कॅनएवढी किंवा त्याहून मोठी पिशवी एवढ्या वेळात फुगवायची, म्हणजे ती कोणत्या जोराने बाहेर येत असेल याचा अंदाज करा. तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. फुगल्यावर लगेच मागच्या भोकांतून वायू निघून जातो आणि पिशवी मऊ पडते. माणसाचे डोके त्या मऊ होत जाणाऱ्या पिशवीत रुतते आणि वाचते.

सगळी मेख इथेच आहे. पिशवी पूर्ण फुगल्यावर माणूस तिच्यावर पडला, तर ती उशी असते. फुगत असतानाच माणूस तिच्या तोंडाशी असेल, तर तो ठोसा असतो.

मूल पुढे का नको?

मांडीवरचे मूल आईच्याही पुढे असते, म्हणजे पिशवीच्या अगदी तोंडाशी. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड, मान कोवळी. शिवाय १० किलोचे मूल धडकेच्या त्या क्षणी आईच्या हाताला दोन-तीन क्विंटल वजनाचे होते. कितीही घट्ट धरले तरी ते हातातून सुटणारच. माया कमी पडते म्हणून नव्हे, माणसाच्या हातात तेवढे बळच नसते म्हणून. आईने मुलाला आपल्याच पट्ट्यात गुंडाळून घेतले तर आणखी वाईट, कारण मग आईचे सारे वजन मुलावर येते.

अमेरिकेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १९९० ते २००० या काळात तिथे पिशवीच्याच माराने दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत निम्म्याहून अधिक लहान मुले होती. त्यांतल्या बहुतेकांना पट्टा नव्हता, किंवा तान्ह्या मुलाचे आसन पुढच्या बाजूला बसवलेले होते. ज्या वस्तूची कल्पना एका लहान मुलीला वाचवताना सुचली, तीच मुलांच्या जिवावर उठली. मग तिथे घरोघर सांगितले गेले की मुले मागे बसवा. पुढे पिशव्याही थोड्या सौम्य केल्या गेल्या आणि हे मृत्यू खूपच घटले.

हे दुःख आपल्यापासून दूर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत पुढच्या आसनावर बसलेले एक लहान मूल अपघातात पिशवी उघडल्यावर दगावले. मोटारीतल्या बाकीच्यांना किरकोळ लागले होते.

तेव्हा नियम साधा आहे. बारा वर्षांखालचे मूल मागेच बसवावे. तान्ह्या मुलासाठी मिळणारे खास आसन मागच्या बाकावर पट्ट्याने बांधावे. असे आसन सगळ्यांना परवडेल असे नाही, हे खरे. पण मागची जागा फुकट आहे. कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांचे आसन लावले नसेल, तर १००० रुपये दंड आहे.

पट्टा नाही, तर पिशवी नाही

एअरबॅगेच्या झाकणावर इंग्रजीत तीन अक्षरे असतात : एसआरएस. त्यांचा अर्थच मुळी 'पूरक' व्यवस्था असा आहे. मुख्य व्यवस्था पट्ट्याची. बैलजोडीत एकच बैल जुंपला तर गाडी कशी ओढली जाईल, तसेच हे आहे. पट्टा माणसाला क्षणभर मागे धरून ठेवतो, तेवढ्यात पिशवी फुगते. पट्टा नसेल तर माणूस फुगणाऱ्या पिशवीवरच जाऊन आदळतो.

समोरची पिशवी समोरच्या धडकेसाठीच असते. मागून ट्रकने ठोकले, गाडी उलटली किंवा बांधाला हलकीशी घासली, तर ती उघडेलच असे नाही. तिथे पट्टाच कामाला येतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सोबती दगावले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी लाखमोलाची होती, पण न लावलेल्या पट्ट्याला मोल नसते.

काही जण पट्ट्याची पी-पी बंद व्हावी म्हणून नुसती खोटी कडी खोबणीत अडकवतात. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना या कड्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. आपण फसवतो ते गाडीला नव्हे, स्वतःला.

घरच्या माणसांनी लक्षात ठेवावे असे

चालकाची छाती आणि स्टिअरिंग यांत १० इंच, म्हणजे वीतभरापेक्षा थोडे जास्त अंतर असावे. स्टिअरिंगला छाती टेकवून गाडी चालवू नये. हात दोन्ही बाजूंना धरावेत, मधोमध नको.

गरोदर बाईनेही पट्टा लावावा. खालचा पट्टा पोटावरून नव्हे, तर पोटाखालून मांड्यांच्या वर यावा आणि वरचा पट्टा छातीच्या मधून जावा. पुढे बसायचे असल्यास आसन होईल तितके मागे सारावे.

समोरच्या फळीवर पाय टाकून बसू नये. पिशवी उघडली तर मांडीचे, खुब्याचे हाड मोडते.

देवाची मूर्ती, अत्तराची बाटली किंवा मोबाईलची पकड एअरबॅगेच्या झाकणावर चिकटवू नये. श्रद्धा मनात असावी. झाकणावरची मूर्ती धडकेच्या वेळी गोळीसारखी सुटते. झाकण कुठे आहे ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात दाखवलेले असते.

जनावर आडवे आले तर गाडी वाचावी म्हणून पुढे लोखंडी गार्ड बसवतात. त्याने धडकेचा हिशेब बिघडतो आणि पिशवी वेळेवर उघडेलच याची खात्री राहत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. आसनाच्या कडेला एअरबॅग असेल, तर तिथे जाड सीट कव्हर शिवून घेऊ नये.

जुनी गाडी घेताना

एअरबॅग एकदाच उघडते, मग नवी बसवावी लागते. खर्च मोठा असल्याने काही जण नुसतेच झाकण लावून गाडी विकतात. म्हणून चावी फिरवल्यावर समोर एअरबॅगचा लाल किंवा पिवळा दिवा लागतो का आणि काही सेकंदांत विझतो का, ते पाहावे. दिवा लागलाच नाही किंवा लागून तसाच राहिला, तर कंपनीच्या अधिकृत ठिकाणी तपासून घ्यावे.

चासी नंबर देऊन आणखी एक गोष्ट विचारावी : या गाडीची एअरबॅग कंपनीने परत मागवली आहे का? जपानच्या टाकाटा कंपनीच्या पिशव्यांत अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. आपण खताच्या रूपाने ते जाणतो. ओलसर हवेत त्याचे काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून त्या वड्या बिघडल्या आणि पेटताना डबीच फुटून लोखंडाचे तुकडे माणसांना लागले. जगभरात अशा कोट्यवधी डब्या परत मागवल्या गेल्या, त्यांत आपल्या देशातल्या गाड्याही होत्या. २०१७ साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली. बदलून देण्याचे काम विनामूल्य असते, आणि आपल्या कोकण-गोव्याच्या हवेत तर ते टाळूच नये.

गावच्या गॅरेजमध्ये एअरबॅग उघडून पाहू नये, तिच्याजवळ वेल्डिंग करू नये. बॅटरी काढल्यावरही काही मिनिटे आत वीज साठून राहते.

मदतीला धावताना

हमरस्त्यालगतच्या गावकऱ्यांना अपघाताच्या जागी पहिले पोहोचावे लागते. तेव्हा आधी चावी बंद करावी. न उघडलेल्या एअरबॅगेच्या आणि जखमीच्या मध्ये आपले डोके घालू नये. उघडलेल्या पिशवीतून धुरासारखी पांढरी भुकटी उडते, तिला आग समजून घाबरू नये. मात्र तिने डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला त्रास होतो. म्हणून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि नंतर हात-तोंड धुवावे. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिस मिळतात. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, अशी तरतूद कायद्यात आहे.

अमेरिकेत समोरच्या एअरबॅगांनी २०१७ पर्यंत ५० हजारांहून अधिक जीव वाचवले, असा तिथल्या सरकारी खात्याचा अंदाज आहे. तेव्हा तिला घाबरायचे नाही, तिची रीत पाळायची.

पुढच्या वेळी सूनबाई बाळाला घेऊन निघेल, तेव्हा आजीने म्हणावे, "तू बाळाला घेऊन मागं बस, पुढं मी बसते. आणि पोरा, आधी माझा पट्टा लावून दे." मानाची जागा कोणती, हे घरात आजीच ठरवते. तिने एकदा मागची जागा मानाची ठरवली, की सारे घर ऐकेल.