शुक्राची वही

“शुक्र कर, बेटा.” आपल्या घरांत हे वाक्य दिवसातून किती वेळा बोलले जाते, याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. सालनात मीठ कमी पडले तर, शुक्र कर, पोटभर मिळते तरी. मुलीला पुढे शिकायचे असेल तर, शुक्र कर, दहावीपर्यंत तरी शिकवले. दोन्ही ठिकाणी शब्द तोच, पण पहिल्या वाक्यात माणूस समोरच्या नेमतीकडे बघतो आणि दुसऱ्यात त्याचे तोंड बंद केले जाते. हा फरक मला सातवीच्या वर्गातल्या मुलामुलींनी शिकवला.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. जेफ्री फ्रो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे 2008 साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन माझ्या वाचनात आले. सहावी-सातवीचे 11 वर्ग, 221 मुले. काही वर्गांनी दोन आठवडे रोज, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. काहींनी त्रास देणाऱ्या गोष्टी लिहिल्या आणि उरलेल्यांना यातले काहीच सांगितले नव्हते. कृतज्ञता लिहिणारी मुले आयुष्याबद्दल अधिक समाधानी आणि आशावादी दिसली. शाळेबद्दलही त्यांना अधिक बरे वाटू लागले. मला खरे तर या शेवटच्या गोष्टीनेच ओढले.

त्याआधी 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून असेच दर आठवड्याला, दहा आठवडे लिहून घेतले होते. कृतज्ञता लिहिणाऱ्यांच्या अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारी कमी झाल्या आणि व्यायाम वाढला. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोठा फरक दिसतो तो रोज त्रासच उगाळणाऱ्यांशी तुलना केली तेव्हा. साध्या घटना लिहिणाऱ्यांशी तुलना केली की फरक कमी होतो. म्हणजे शुक्र ही डोकेदुखीची गोळी नाही. पण तक्रार उगाळत बसण्यापेक्षा ते बरे, एवढे नक्की.

असे का होत असावे? माणसाला सवय फार लवकर लागते. नवा पंखा घरात आला की आठ दिवस वाऱ्याचे कौतुक, नंतर पंखा आठवतो तो फक्त वीज गेल्यावर. लिहिताना आपण चालू असलेल्या पंख्याकडे पुन्हा एकदा बघतो.

वर्गात मी वह्या वाटल्या. निबंधाचाही सराव होईल, हा मनातला हेतू होताच. पहिले तीन दिवस सगळ्यांनी एकच लिहिले: अल्लाहने डोळे दिले, कान दिले, आईवडील दिले. खरेच आहे, पण ते पाठ केलेले. मग मी नियम केला की फक्त आजची गोष्ट लिहायची आणि ती कुणामुळे झाली तेही लिहायचे. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशा अर्थाची हदीस मुलांना माहीत होती, त्यामुळे फार समजावावे लागले नाही. वह्या लगेच बदलल्या. “रिक्षावाल्या चाचांनी छत्री दिली.” “आपाने वेणी घातली, ओढली नाही.” एकाने लिहिले, “टीचर काल आल्या नाहीत.” शुद्धलेखनाच्या चुकांना मी लाल पेन लावले नाही. दोन आठवड्यांनी मजकूर शिळा होऊ लागला, तेव्हा वही फक्त शनिवारी ठेवली. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासातही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला होता, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही.

एका मुलीच्या वहीत मात्र तेच तेच येत राहिले. “आज पाणी साडेसहाला आले.” पुन्हा, “पाणी लवकर आले.” हजेरीपट काढून बघितला तेव्हा उलगडा झाला. पाणी उशिरा येई त्या दिवशी ती गैरहजर असे. दोन जिने चढून बारा हंडे भरायचे काम तिचे होते. नववीतला भाऊ तेव्हा झोपलेला असे.

तिला विचारून, वही घेऊन मी तिच्या घरी गेले. अम्मी म्हणाल्या, “मॅडम, शुक्र आहे, लेक हाताशी आली.” त्यांना मराठी वाचता येत नव्हते. मी वाचून दाखवू लागले. पाण्याच्या ओळी ऐकून त्या गप्पच होत्या. मग पुढची ओळ आली: “अम्मीने शेवटचा पराठा मला दिला आणि स्वतः चहा-पाव खाल्ला. तिला वाटले मी पाहिले नाही.” त्यांनी ओढणीचा पदर डोळ्यांना लावला.

इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये शुक्राचे तीन भाग सांगितले आहेत: नेमत ओळखणे, त्याने मनात येणारी अवस्था आणि त्यानुसार कृती. आपण बहुतेक वेळा जिभेवरच थांबतो. लेक हाताशी आली ही नेमत असेल, तर तिला साडेसातला वर्गात पोहोचवणे हाही त्या शुक्राचाच भाग नाही का? हे मी त्यांना बोलून दाखवले नाही. गरज पडली नाही.

सगळे प्रश्न सुटले असे नाही. नळ अजून लहर येईल तेव्हा येतो आणि त्या मुलीची गैरहजेरी कमी झाली तरी संपलेली नाही. पण परवाच्या शनिवारी तिच्या वहीत नवी ओळ होती: “भाईने आज सहा हंडे भरले. कुरकुर करत भरले, पण भरले.”