तीस तास आणि उधन्याचा ताप

उधना जंक्शनहून निघालेली ताप्ती व्हॅलीची गाडी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगाव गाठते. जेमतेम तीनशे किलोमीटरच्या या रुळांनी खानदेशातली हजारो घरं सुरतेत आणून वसवली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत यंत्रमागांच्या खडखडाटात अहिराणी ऐकू येते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माणसं गावी जातात, सण उरकून परततात आणि कधीकधी तिकडचा तापही अंगात घेऊन येतात. गल्लीतल्या दवाखान्यात रुग्ण म्हणतो, "चार दिवसांपासून कणकण आहे डॉक्टरसाहेब, सुई मारा, उद्या पाळीवर जायचंय." समोरचा डॉक्टर पंचवीस वर्षांपूर्वी एमबीबीएस झालेला. त्यानंतर तो काय शिकला, यावर या रुग्णाचं पुढचं सगळं ठरतं.

सुरतेने हे १९९४ साली भोगलं आहे. त्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठींचा प्लेग आढळला आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसांचा. १९६६ नंतर भारतात प्लेगच्या रुग्णाची नोंद नव्हती. म्हणजे त्या सप्टेंबरात दवाखाना उघडून बसलेल्या बहुतेक डॉक्टरांनी प्लेग फक्त पुस्तकात वाचला होता, तोही परीक्षेपुरता. टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन ही जुनी औषधं त्यावर चालतात. तरीही कितीतरी खासगी दवाखान्यांना कुलूप लागलं आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. देशभरात ५६ मृत्यू झाले. पुढे महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी शहराचा कायापालट केला, त्याचं कौतुक आजही होतं आणि ते रास्तच आहे. गल्लीतला डॉक्टर त्या साथीच्या वेळी इतका एकटा आणि अपुरा का पडला, हा प्रश्न मात्र त्या कौतुकात मागे राहिला.

डॉक्टरने शिकत राहावं असा नियम आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने प्रत्येक डॉक्टरने पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावं असं सांगितलं. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या परिषदा नोंदणीचं नूतनीकरण या तासांशी जोडतात. पाच वर्षांत तीस तास म्हणजे महिन्याला अर्धा तास! तेवढाही जमवणं एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला सोपं नाही. एक दिवस दार बंद ठेवलं की त्या दिवसाची कमाई गेली आणि रुग्ण शेजारच्याकडे गेले. म्हणून संध्याकाळच्या 'सीएमई'ला, म्हणजे निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमाला, हजेरी लागते. हॉटेलचा हॉल, दोन व्याख्यानं, मागे कंपनीचा फलक, शेवटी जेवण.

या जेवणाचा प्रश्न जुना आहे. डिसेंबर २००९ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने औषध कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेण्यास डॉक्टरांना मनाई केली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आणखी कडक नियम आणले आणि तीन आठवड्यांत ते स्थगित झाले. मार्च २०२४ मध्ये कंपन्यांसाठी नवी विपणनसंहिता आली. या सगळ्यात माझं म्हणणं एवढंच आहे की खर्च ज्याचा, विषय त्याचा. नव्या महागड्या गोळीवर व्याख्यान होतं. जुन्या, स्वस्त डॉक्सिसायक्लिनवर बोलायला पैसे कोण देणार?

शिक्षण न पोचल्याची किंमत मुंबईत मोजली गेली आहे. धारावीच्या १०० खासगी डॉक्टरांना क्षयरोगाची औषधं लिहायला सांगितली, तेव्हा त्यांनी ८० वेगवेगळ्या पद्धतींनी ती लिहून दिली. मुकुंद उपलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याचा हा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया यांनी उपलेकरांसह तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ डॉक्टर, ६३ पद्धती. बरोबर लिहिणारे सहा. मधल्या काळात व्याख्यानं झाली नसतील असं कोण म्हणेल? १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अनेक चाचण्यांचा आढावा घेतला, त्याचा निष्कर्षही याच दिशेचा होता. नुसतं व्याख्यान ऐकून डॉक्टरची सवय बदलत नाही. चर्चा, सराव, स्वतःच्या रुग्णावरचं बोलणं असेल तरच काही हलतं.

मग उधन्याच्या डॉक्टरने काय शिकावं? ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर सुरतेत लेप्टोस्पायरोसिस वाढला. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी त्याच्या कारणांचा अभ्यास प्रसिद्धही केला. या तापात पहिले काही दिवस मोलाचे. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, आणि तेव्हाच साधं प्रतिजैविक सुरू झालं तर मूत्रपिंड आणि फुप्फुसं वाचतात. सुई मारून ताप उतरवला की नेमके तेच दिवस हातचे जातात. दुसरा विषय सातपुड्यातून गाडीने येतो. नंदुरबारकडच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. हातपाय ठणकणारा तरुण मजूर वर्षानुवर्षं 'वाताच्या' गोळ्या खात राहतो, कारण रक्ताची एक साधी तपासणी कुणाला सुचत नाही. हिवतापावर १४ दिवस प्रायमाक्विन देताना जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आहे का, हेही पाहायला हवं. नाहीतर औषधानेच रक्तपेशी फुटतात. यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्याच्या कानांचं काय होतं, ते तर वेगळं सांगायला नको. म्हणून केसपेपरवर दोन प्रश्न छापलेलेच असावेत: गाव कोणतं आणि तिथून कधी आलात?

गल्लीतला डॉक्टर फक्त ऐकून घेणारा नसतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. विंचूदंशाने दगावणाऱ्या मुलांची बारीक टिपणं ठेवून, तेव्हा रक्तदाबासाठी वापरात असलेलं प्राझोसिन त्यांनी उपचारात आणलं. विंचूदंशाच्या लक्षणांवरचं त्यांचं निरीक्षण १९८२ सालीच 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं आणि पुढे मोठमोठी महाविद्यालयं कोकणातल्या त्या दवाखान्याकडून शिकली.

आजच्या डॉक्टरला वाटाही आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००६ मध्ये दूरशिक्षणाने कुटुंबवैद्यकाची पदविका सुरू केली. मोठ्या रुग्णालयात धाडायची गरज नसलेले रुग्ण आपल्याच दवाखान्यात बरे करता यावेत, हा तिचा हेतू. पब्लिक हेल्थ फाउंडेशनचा मधुमेहाचा अभ्यासक्रम महिन्याच्या एका रविवारी चालतो, त्यामुळे दवाखाना बंद ठेवावा लागत नाही. मला सर्वांत पटते ती डॉ. संजीव अरोरा यांची 'इको' पद्धत. न्यू मेक्सिकोत २००३ साली त्यांनी हिपॅटायटिस सीचे दूरवरचे रुग्ण शहरात बोलावण्याऐवजी तिथल्या डॉक्टरांशी पडद्यावरून दर आठवड्याला एकेका रुग्णावर चर्चा सुरू केली. खेड्यातल्या उपचारांचं यश विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकंच भरलं. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं.

सुरतेला यासाठी नवं काही बांधावं लागणार नाही. मजुरा गेटचं सिव्हिल आणि महापालिकेचं स्मीमेर, ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं उधन्यापासून फार दूर नाहीत. दुपारी बहुतेक दवाखाने बंदच असतात. महिन्यातून एक दुपार, दोन तास, प्रत्येकाने स्वतःचा एक अडलेला रुग्ण मांडायचा, नाव न सांगता. चहा आपल्या खर्चाने. त्यात बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांनाही बोलवावं, कारण रुग्ण पाटीवरची पदवी वाचून आत येत नाही आणि धोक्याची लक्षणं ओळखून वेळेत सिव्हिलला पाठवणं तरी सगळ्यांना यायलाच हवं.

दोन्ही महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना आणि सुरतेतल्या डॉक्टरांच्या संघटनांना विनंती आहे: आखाजी उरकून माणसं उधन्यात उतरतात आणि पाऊस अजून यायचा असतो, त्या आठवड्यात पहिली दुपार ठेवा. विषय ताप.