गाडी घेताना आधी माणसे मोजा



उसाचा हप्ता खात्यावर जमा झाला की घरात गाडीचा विषय निघतोच. पोरगा म्हणतो, "दादा, घ्यायची तर बोलेरोच." घरधनीण म्हणते, "वॅगन आर बरी, तेल कमी पिते." दोघांचेही बोलणे आपापल्या जागी बरोबर असते.

मागे आम्ही सात सभासद एका प्रशिक्षण वर्गासाठी मीरा-भाईंदरमधल्या उत्तनला निघालो, तेव्हा हाच वाद झाला. एक बोलेरो न्यायची की दोन वॅगन आर? शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

सरकारमान्य चाचणीत पेट्रोलची एक लिटर इंजिनाची वॅगन आर लिटरला सुमारे २४ किलोमीटर जाते, तर डिझेलची बोलेरो सुमारे १६. आपल्या रस्त्यावर, माणसे आणि सामान भरून एवढे पडत नाही. म्हणून आम्ही १८ आणि १२ धरले. जाऊन-येऊन ६०० किलोमीटर धरले, तर वॅगन आरला ३३ लिटर आणि बोलेरोला ५० लिटर लागतात.

एवढ्यावर निकाल लावाल तर फसाल. सात जणांना वॅगन आर दोन लागतात, म्हणजे ६७ लिटर. बोलेरोत सातही जण बसतात आणि माणशी सात लिटर पडते. पण तीच बोलेरो घेऊन दोघेच गेले, तर माणशी २५ लिटर! वॅगन आरमध्ये दोघांना माणशी साडेसोळा. पेट्रोल डिझेलपेक्षा महाग असते, तेव्हा आपल्या पंपाचा भाव घालून रुपये ज्याचे त्याने काढावेत.

हा फरक का पडतो? वॅगन आरचे वजन साधारण सव्वाआठशे किलो, बोलेरोचे सोळाशेच्या पुढे. बोलेरो लोखंडी चासीवर बांधलेली, उंच आणि चौकोनी. वजन ओढायला तेल लागते आणि वेगात वारा कापायलाही लागते.

आम्ही बोलेरो नेली. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करीत उत्तनला पोचलो. पण कोळीवाड्याच्या बोळात समोरून मासळीचा टेम्पो आला आणि आमची गाडी मागे घेता घेता घाम फुटला. बोलेरो वॅगन आरपेक्षा पाच इंच रुंद आहे. तिथे ते पाच इंच चांगलेच कळले. शेवटी गाडी बाहेर ठेवून पायी गेलो. उलट पावसाळ्यात आपल्या पाणंदीच्या चिखलात मागच्या चाकांवर चालणारी, जमिनीपासून उंच बोलेरोच बरी. खताची पोती टाकायलाही तीच.

आणखी एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. देशात २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते, आणि त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या बनावटीच्या चारचाकीचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. जुनी पेट्रोल गाडी घेणाऱ्याने हे धरूनच हिशेब करावा आणि गाडीची पुस्तिका पाहावी. इथेनॉलमुळे आपल्या उसाला पैसा मिळतो म्हणून त्याचा हा तोटा लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हा सांगणे एवढेच. महिनाभर वहीत लिहा : गाडीत रोज किती माणसे बसणार, कोणत्या रस्त्याने, किती ओझे घेऊन. वर्षातल्या दोन लग्नांसाठी मोठी गाडी घेऊ नका. त्या दिवशी भाड्याने मिळते. घरात सहा-सात माणसे आणि रानातली वाट असेल, तर बोलेरोला नावे ठेवू नका. बहुतेक वेळा दोघे-तिघेच तालुक्याला जात असाल, तर लहान गाडी घ्या. कर्जाचा हप्ता एकदाचा फिटतो, तेलाचा खर्च मात्र गाडी दारात असेतो चालूच राहतो.

— एक ऊस उत्पादक सभासद